पाटी कितीची लावू?

मे महिन्यातल्या एका दुपारी दादाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. छापील कागद, त्यावर डोंगरासारख्या चढून उतरलेल्या दोन रेषा आणि कोपऱ्यात एक आकडा : ११९. पाठोपाठ मेसेज आला, "फसवलं रे त्याने मला."

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. कन्नडला त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. मागच्या वर्षी त्याने शाळेतल्या एका मित्राकडून जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घेतली. पहिल्या पिढीची, २००४ साली भारतात आलेली, १.८ लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाची. आमच्या जिल्ह्यात ऑक्टाव्हियाला वेगळंच वजन आहे. शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना २००१ साली सुरू झाला. आम्ही लहानपणी संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, गेलो की जालना रोडवर नव्याकोऱ्या गाड्या दिसायच्या. आपल्यापैकी कुणाकडेच ती नाही, पण ती आपल्याकडे बनते, असा तो अभिमान होता. दादाने तो अभिमान वीस वर्षं सांभाळला आणि शेवटी सेकंडहँड का होईना, विकत घेतला.

मित्राने गाडी देताना सांगितलं होतं, "एकशेऐंशीची गाडी आहे, घाटात नेऊन बघ." दादाने परदेशी वेबसाइट उघडून खात्री केली. ऑक्टाव्हिया आरएस, १८० पीएस. व्यवहार झाला. मग कुणीतरी भारतातलं जुनं ब्रोशर पाठवलं. त्यात आकडा होता १५०. दादाची झोप उडाली. त्याने गाडी पुण्याला एका ट्यूनिंगच्या गॅरेजमध्ये नेली, डायनोच्या रोलरवर चढवली, आणि कागदावर निघाले ११९.

दोघं मित्र रोज संध्याकाळी एकाच टपरीवर चहा प्यायचे. त्या दिवसापासून तो चहा बंद झाला.

दादाने मला फोन केला. "तू इंजिनिअर आहेस ना? मग सांग, यातला खरा आकडा कोणता?"

माझी डिग्री मेकॅनिकलची, नोकरी सॉफ्टवेअरची. आमच्या पिढीत हे इतकं सर्रास आहे की त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण त्या रात्री मी हिंजवडीतल्या खोलीत बसून जुन्या नोट्स उघडल्या. उत्तर अर्ध्या तासात मिळालं. त्यातून निघालेला दुसरा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही.

*

आधी उत्तर.

एचपी म्हणजे हॉर्सपॉवर, घोड्याची ताकद. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेम्स वॉटला वाफेची इंजिनं विकायची होती. गिऱ्हाईक होते गिरणीवाले आणि खाणवाले, आणि त्यांना एकच हिशोब कळायचा : या यंत्रामुळे माझे किती घोडे वाचतील? वॉटने चाकाला जुंपलेल्या घोड्याचा हिशोब मांडला. बारा फुटांच्या त्रिज्येवर तासाला १४४ फेऱ्या, ओढ १८० पौंडांची. गुणाकार करून, थोडं वर ढकलून, त्याने गोल आकडा धरला : मिनिटाला ३३,००० फूट-पौंड. आजच्या मापात ७४६ वॉट.

गंमत अशी की साधा घोडा दिवसभर एवढं काम करूच शकत नाही. म्हणजे वॉटने घोडा जरा जास्तच तगडा धरला होता. दहा घोड्यांचं म्हणून इंजिन घेणाऱ्याला प्रत्यक्षात दहापेक्षा जास्त घोड्यांचं काम मिळायचं. एचपीचा हा पहिला आकडा विकणाऱ्याने ठरवला, पण तो झुकला होता घेणाऱ्याच्या बाजूला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

यानंतर आकड्यांना पाय फुटले. युरोपने मेट्रिक मापात आपला घोडा बनवला, पीएस. तो ७३५.५ वॉटचा, इंग्रजी घोड्यापेक्षा दीडेक टक्का लहान. बुगाटी व्हेरॉन १००१ पीएसची म्हणून गाजली. इंग्रजी घोड्यांत मोजली तर ती ९८७ भरते. गाडी तीच, फक्त चार आकड्यांचा रुबाब तीन आकड्यांवर येतो.

मग प्रश्न येतो, मोजायचं कसं? कॉलेजच्या लॅबमध्ये आमच्याकडे रोप ब्रेक डायनॅमोमीटर होता. इंजिनाच्या ड्रमला दोर गुंडाळायचा, एका टोकाला वजनं, दुसऱ्या टोकाला स्प्रिंगचा काटा. इंजिन फिरू पाहतं, दोर त्याला अडवतो. किती जोराने अडवावं लागलं आणि इंजिन किती वेगाने फिरत होतं, यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. बीएचपीतला 'बी' हा या ब्रेकचा. (आम्ही पोरांनी ते प्रॅक्टिकल प्रत्यक्षात एकदाच केलं. जर्नलमधली रीडिंग वरच्या बॅचच्या फाइलीतून उतरवली. सगळ्या वर्गाच्या इंजिनाची कार्यक्षमता दशांशापर्यंत सारखी आली, आणि सरांनी सगळ्यांना सही दिली. हेही लक्षात ठेवा.)

आता इंजिन मोजायचं ते कोणत्या अवस्थेत? १९७१ पर्यंत अमेरिकेत ते टेबलावर ठेवून मोजायचे आणि 'ग्रॉस' आकडा छापायचे. एअर फिल्टर काढलेला, गाडीतला सायलेन्सर नाही, पंखा आणि अल्टरनेटरचं ओझं नाही. अंगावरचे सगळे कपडे उतरवून वजनकाट्यावर उभं राहण्यासारखं. १९७२ पासून 'नेट' आकडा आला : गाडीत बसवतात तसं सगळं जोडून मोजा. कॅडिलॅक एल्डोराडोचं ८.२ लिटरचं इंजिन १९७१ मध्ये ३६५ एचपीचं होतं, १९७२ मध्ये २३५ चं झालं. इंजिनाला काहीही झालं नव्हतं. मोजणाऱ्यांनी त्याला कपडे घातले होते, एवढंच.

तरीही हा आकडा इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरचा. तिथून रस्त्यापर्यंत येताना गिअरबॉक्स, शाफ्ट, बेअरिंग, टायर सगळे आपापला वाटा काढून घेतात. धान्य खळ्यावरून घरात येईपर्यंत बलुतेदार घेऊन जायचे तसा. हा वाटा साधारण दहा ते वीस टक्के. पुण्यातला डायनो चाकाखाली रोलर ठेवतो, म्हणजे बलुतं देऊन उरलेलं धान्य मोजतो.

आणि शेवटी हवा. इंजिन पेट्रोलइतकंच हवेवर चालतं. कंपन्यांचे आकडे ठरावीक हवेसाठी दुरुस्त केलेले असतात. आजच्या प्रचलित मानकात तापमान २५ अंश आणि हवेचा दाब जवळपास समुद्रकाठचा. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे आणि मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीला टेकतो. विरळ, गरम हवेत इंजिन दमतं. टर्बो विरळपणा बराचसा भरून काढतो, पण उकाडा नाही. शिवाय युरोपातल्या नियमाप्रमाणे कारखान्यातून निघणाऱ्या इंजिनाला छापील आकड्याच्या पाच टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा असते.

आता दादाची गाडी. भारतात ही आरएस १५० पीएसचीच म्हणून विकली गेली, युरोपात १८० ची. नाव एक, बिल्ला एक, आकडे दोन. इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये किती हवा कोंबायची, ठिणगी कधी टाकायची, हे बदललं की त्याच लोखंडातून वेगळी शक्ती निघते. १५० पीएस म्हणजे १४८ बीएचपी. त्यातून १५ टक्के बलुतं गेलं, उरले १२६. डायनोवाल्याने हवेची दुरुस्ती केलेली नव्हती, तेव्हा मेच्या उकाड्याचे पाचेक टक्के वजा करा. राहिले ११९ च्या आसपास.

"दादा, गाडी एकदम ठणठणीत आहे," मी म्हणालो. "वीस वर्षांच्या इंजिनाने एवढं देणं म्हणजे कमाल आहे."

"म्हणजे तिन्ही आकडे खरे?"

"तिन्ही खरे."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "मग मला फसवल्यासारखं का वाटतंय?"

*

हाच तो दुसरा प्रश्न. सगळे आकडे खरे असताना माणूस फसू शकतो का? आणि फसला, तर दोष कुणाचा?

आपल्याकडे याचं सगळ्यात जुनं उदाहरण धर्मराजाचं. द्रोणाचार्य आवरत नव्हते. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला आणि अश्वत्थामा मेल्याची आरोळी ठोकली. द्रोणांचा विश्वास बसेना. त्यांनी धर्मराजाला विचारलं, कारण तो खोटं बोलत नाही. धर्मराज म्हणाला, अश्वत्थामा मेला. आणि हळूच पुटपुटला, हत्ती. लोक सांगतात की नेमका त्याच क्षणी कृष्णाने शंख फुंकला. द्रोणांनी शस्त्र खाली ठेवलं. त्या क्षणापर्यंत जमिनीपासून चार बोटं वर चालणारा धर्मराजाचा रथ खाली टेकला.

व्याकरणाने बघितलं तर धर्मराज निर्दोष आहे. त्याच्या वाक्यातला एक शब्दही खोटा नव्हता. तरी रथ टेकलाच. महाभारताने निकाल देताना वाक्य तपासलं नाही. द्रोण काय ऐकणार आहेत हे धर्मराजाला ठाऊक होतं का, एवढंच तपासलं.

जाहिरातीतल्या आकड्याच्या डोक्यावर एक छोटी चांदणी असते. पानाच्या तळाशी, भिंगाने वाचावं लागेल अशा अक्षरात तिचा खुलासा : अमुक मानकानुसार, अमुक परिस्थितीत, प्रत्यक्षात फरक पडू शकतो. ती चांदणी म्हणजे आपला 'हत्ती'. आणि त्या पानावरचा लाल रंग, घाटातल्या वळणावरची गाडी, मागचं संगीत, हा शंख.

अर्थात काही वेळा आकडा सरळ चुकीचाच असतो. १९९९ ची फोर्ड मस्टँग कोब्रा ३२० एचपीची म्हणून विकली गेली. मालकांनी डायनोवर चढवल्यावर ओरड झाली. फोर्डने विक्री थांबवली, विकलेल्या गाड्या परत बोलावून दुरुस्त केल्या आणि पुढच्या वर्षी ते मॉडेल काढलंच नाही. माझदाने अमेरिकेत आरएक्स-८ चा आकडा २४७ सांगितला, नंतर तो २३८ असल्याचं मान्य केलं आणि नको असेल तर गाडी परत घेऊ असं कळवलं. फरक चार टक्क्यांच्या आत होता. आपण भाजीवाल्याशी याहून जास्त फरकावर वाद घालत नाही. पण मला यात माझदाचं वागणं बरोबर वाटतं. ज्यांनी तो आकडा बघून पैसे मोजले, त्यांना त्यांनी पुन्हा निवड करायची संधी दिली.

२००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या ऑटोमोबाइल इंजिनिअरांच्या संस्थेने, एसएईने, मोजणीचे नियम घट्ट केले आणि स्वतंत्र साक्षीदारासमोर मोजून घेण्याची सोय केली. लगेच कित्येक आकडे खाली आले. टोयोटा कॅमरीचं व्ही-६ इंजिन २१० वरून १९० वर उतरलं. याचा अर्थ आधीचे वीस घोडे खोटे होते असं म्हणता येत नाही. ते नियमांच्या फटीत उभे होते. नियमात जिथे जिथे 'तुम्ही ठरवा' असं लिहिलेलं असतं, तिथे तिथे ठरवणारा आपल्याच बाजूने ठरवतो. वॉटने मात्र उलट ठरवलं होतं.

इथपर्यंत मला वाटत होतं की प्रश्न फुगवण्याचा आहे. आकडा फुगवणारा वाईट, कमी सांगणारा प्रामाणिक. कमी सांगण्याची उदाहरणं माझ्याकडे होती, तीही झकास. रस्त्यांवरच्या अपघातांवरून टीका होऊ लागल्यावर जपानी कंपन्यांनी आपसात ठरवलं की कोणतीच गाडी २८० पीएसच्या वर दाखवायची नाही. १९८९ पासून २००४ पर्यंत हे चाललं. निस्सान स्कायलाइन जीटी-आरच्या कागदावर २८० लिहिलेलं असायचं आणि डायनोवर ती तीनशेच्या वर जायची. साठच्या दशकात अमेरिकेतही काही दांडग्या इंजिनांचे आकडे मुद्दाम कमी छापले जायचे, कारण विमा कंपन्या आकडा बघून हप्ता ठरवायच्या. गाड्यांवर प्रेम करणारी पोरं हे किस्से कौतुकाने सांगतात. मीही सांगत आलो. जास्त देऊन कमी सांगणं म्हणजे मोठेपणा, असं मला वाटायचं.

मग मला आमच्या विहिरीवरची मोटार आठवली.

*

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मोटार जळाली होती. अण्णांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, मी दुकानात गेलो. अण्णांनी पाच एचपीची मोटार निवडली. दुकानदाराने वायंडिंग दाखवलं, भाव सांगितला, आणि चहा सांगावा इतक्या सहज विचारलं, "अण्णा, पाटी कितीची लावू?"

"तीनाची लावा," अण्णा म्हणाले.

पाटी म्हणजे मोटारीवरचा तो पत्र्याचा तुकडा, ज्यावर तिची एचपी लिहिलेली असते. मीटर नसलेल्या शेतीपंपाचं बिल तेव्हा एचपीवर यायचं. पाटी तीनाची म्हणजे बिल तीनाचं, पाणी पाचाचं. आमच्या शिवारात हे सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांना माहीत असल्यामुळे यात कुणी कुणाला फसवतंय असं कुणाला वाटत नव्हतं. मलाही वाटलं नाही. उलट मनात म्हटलं, ही तर आपली जीटी-आर!

त्याच रब्बीत डीपी जळाली. गहू ओंब्यांवर आलेला. आमच्या डीपीवर सोळा मोटारी. कागदावर प्रत्येकी तीन, म्हणजे ४८ एचपी. त्या हिशोबाने ६३ केव्हीएची डीपी रेटून का होईना, तग धरते. पण त्यातल्या निम्म्या जरी आतून पाचाच्या असतील, तर ४८ चे ६४ होतात. रात्री लाइट आली की सगळे एकदम बटण दाबणार. ट्रान्सफॉर्मर पाटी वाचत नाही. त्याला तारेतून येणारा करंट कळतो.

नवी डीपी यायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांतलं मला एकच आठवतं. आमच्या बांधाला लागून एका काकांचं दीड एकर आहे. त्यांची मोटार तीनाची होती. पाटीवर तीन आणि आतही तीन. त्यांची विहीर उथळ, त्यांना पाचाची परवडतही नव्हती आणि पेलतही नव्हती. त्यांचा गहू आमच्याच गव्हाबरोबर सुकला. बांधावर उभे राहून ते अण्णांना म्हणाले, "लोड जास्त झाला म्हणे." अण्णा म्हणाले, "हो ना."

दोघंही खरं बोलत होते.

त्या दिवशी कमी सांगण्याबद्दलचं माझं कौतुक संपलं. आकडा वर फुगवला की खाली दाबला, यावरून काही ठरत नाही. त्या आकड्यावर विसंबून कोण काय करणार आहे, यावर ठरतं. जीटी-आरच्या मालकाला २८० सांगून ३२० मिळाले, तर त्याची तक्रार नाही. पण विमा कंपनीला कमी सांगितलं, तर तो फरक कुणाच्या तरी हप्त्यातून निघतो. अण्णांनी पाचाला तीन सांगितलं, तो फरक काकांच्या गव्हातून निघाला. फरक कधीच हवेत विरत नाही. तो कुठेतरी, कुणाकडून तरी वसूल होतो, आणि बहुतेक वेळा ज्याची पाटी खरी असते त्याच्याकडून.

*

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. सगळेच फुगवतात हे सगळ्यांना ठाऊक असेल, तर कोण फसतं? बाजारात भाव सांगणाऱ्यालाही माहीत असतं आणि ऐकणाऱ्यालाही, की यातून वीस टक्के कमी करायचे. एखाद्या कंपनीने एकटीने चाकावरचा खरा आकडा छापला, तर गिऱ्हाईक त्यातूनही वीस टक्के वजा करणार आणि तिचं नुकसान होणार. एकट्याने खरं बोलणं इथे प्रामाणिकपणा नसून भाबडेपणा आहे.

हे मी रोज जगतो. आम्ही एक ॲप बनवलं. ते किती वेगाने उघडतं याचा आकडा मी काढला. ऑफिसचा वायफाय, नवा फोन, दुसऱ्यांदा उघडलेलं ॲप, आणि दहा वेळा मोजून काढलेली सरासरी. आकडा होता १.२ सेकंद. प्रेझेंटेशनमध्ये तो मोठ्या अक्षरात गेला. कुणी विचारलं नाही कसा मोजला, मीही सांगितलं नाही. दिवाळीत घरी आलो आणि अण्णांच्या फोनवर तेच ॲप उघडलं. गोल चकरी फिरत राहिली. मी मनात आकडे मोजत होतो. नवाला उघडलं.

२०१५ मध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा मी शाळा-कॉलेजच्या उंबरठ्यावर होतो. गाडी चाचणीच्या रोलरवर आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारं सॉफ्टवेअर, जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत. आम्हाला ते राक्षसी वाटलं होतं. आज वाटतं, मी तसा कोड कधी लिहिला नाही हे खरं, पण चाचणीची जागाच अशी निवडली की कोडला ओळखायची गरज पडू नये. आणि याचा सराव मी लॅबच्या जर्नलमध्ये केला होता, तोही सगळ्या वर्गाबरोबर, सरांच्या सहीने.

तेव्हा आक्षेपाला माझं उत्तर असं. 'सगळ्यांना माहीत असतं' या वाक्यातले 'सगळे' म्हणजे खेळातले जुने खेळाडू. वीस टक्के वजा करायचे हे ज्याला माहीत नाही, असा कुणीतरी रोज नव्याने बाजारात येतो. पहिल्यांदा गाडी घेणारा, पहिल्यांदा ॲप वापरणारा, परदेशी वेबसाइटवरचा आकडा आपल्या गाडीचा समजणारा माझा दादा. जुन्यांच्या समजुतीची किंमत हे नवखे भरतात. म्हणून मला वाटतं, खऱ्या आकड्याची व्याख्या एवढीच करता येईल : मोजणाऱ्याला जे माहीत आहे ते वाचणाऱ्यालाही माहीत झालं, तरी ज्याच्यामुळे कुणालाच फसल्यासारखं वाटणार नाही, तो आकडा खरा. १८०, १५०, ११९, तिन्ही या अर्थाने खरे होऊ शकतात. त्यांच्यासोबत एक वाक्य हवं : कुठे मोजलं, कसं मोजलं. ते वाक्य तळाला बारीक अक्षरात असेल तर ते पुटपुटणं झालं. ते आकड्याइतक्याच मोठ्या आवाजात हवं.

आता मी माझ्या आकड्यांपुढे फोन कोणता, नेटवर्क कोणतं आणि सगळ्यात वाईट वेळ किती, हे लिहितो. माझी स्लाइड इतरांपेक्षा कळकट दिसते. एकदा मॅनेजर म्हणाला, "अरे, हे बॅकअपला टाक ना." अजून टाकलेलं नाही. पुढे टाकणार नाही अशी शपथही मी घेत नाही, कारण मला माझी माहिती आहे.

*

दादाला मी सगळा हिशोब एका कागदावर लिहून पाठवला. १५०, मग १४८, मग १२६, मग ११९. शेवटी लिहिलं, तुझ्या मित्राने खोटं सांगितलं नाही, त्याने वाचलेलं सांगितलं. दादाने तो कागद मित्राला फॉरवर्ड केला. उत्तरात एक अंगठा आला. दुसऱ्या आठवड्यात मी कन्नडला गेलो तेव्हा दोघं टपरीवर होते, जरा अंतर ठेवून, पण एकाच बाकावर. त्यानंतर आम्ही तिघं घाटात गेलो. चाळीसगावहून वर येताना दादाने तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. पाठ सीटला टेकली. किती एचपी, हे कुणी विचारलं नाही.

मोटारीचं मात्र तितकं सरळ नाही. यंदा आमची मोटार पुन्हा गेली. २०२४ पासून राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे, म्हणजे पाच सांगितल्याने आता बिल वाढत नाही. खरं बोलण्यात आमचं काही शौर्य राहिलेलं नाही. तरी शिवारातल्या बहुतेक पाट्या तीनाच्याच आहेत. लोड वाढवायचा अर्ज केला तर कुणी बघायला येईल, मागचं काहीतरी उकरून काढेल, ही भीती.

दुकानदाराने याही वेळी विचारलं, "अण्णा, पाटी कितीची लावू?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. शिकलेल्या पोराने बापाला दुकानात उपदेश करू नये, एवढं मला कळतं. थोडा वेळ ते पत्र्याच्या पाट्यांचा ढीग बोटांनी चाळत राहिले. मग म्हणाले, "आहे तेवढ्याची लावा."

पाचाची पाटी लागली. लोड वाढवण्याचा अर्ज भरून तयार आहे, अण्णांच्या बंडीच्या खिशात, घडी घातलेला. तीन आठवडे झाले. मी रोज फोनवर बोलतो, पण त्याचं विचारत नाही.